पश्चिमेच्या दारावरचं बिनतारी कुलूप

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि दारावर येणाऱ्या तमाम पाहुण्यांना अत्यंत गांभीर्यानं कळविण्यात येतं की, ज्यांच्या घराच्या कुलपाला ऋतूप्रमाणे कपडे आहेत असे गृहस्थ बुलढाणा जिल्ह्यात एकच, आणि ते माझे साडभाऊ होत. पुस्तकात त्यांना साडू म्हणतात, पण तो शब्द त्यांच्या अंगाला आखूड पडतो. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिली आहे. सासऱ्यांनी त्यांना स्वतः पाहून पसंत केलं आणि मला त्यांच्या शिफारशीवरून. तेव्हा मी इथं जे काही लिहीन ते निव्वळ कृतज्ञतेपोटी, असं समजूनच पुढं वाचावं.

साडभाऊंची उभी हयात टेलिफोन खात्यात गेली, आणि ती बहुतेक खांबावरच गेली. वारा सुटला की तार तुटायची, पाऊस आला की तार कुजायची, उन्हाळ्यात ती लोंबायची आणि लग्नसराईत मांडववाले ती सोडून न्यायचे. त्यामुळं निवृत्त होताना त्यांच्या मनात जगातल्या तारमात्राविषयी एक थंड वैर साठलं होतं. "ज्याले तार हाय त्याले मरन हाय," असं ते म्हणत. पुढं बाजारात बिनतारी वस्तू येऊ लागल्या तसं या माणसाला जणू उत्तरायुष्यात दैवत सापडलं. बिनतारी घंटी आली, बिनतारी इस्त्री आहे का म्हणून चौकशी झाली, आणि एक दिवस मलकापूरच्या त्यांच्या घराच्या मोठ्या दारावर ते कुलूप आलं. काळंभोर, गुळगुळीत, अंगठा ठेवला की उघडणारं, मोबाइलवरून हुकूम ऐकणारं आणि वर बाईच्या आवाजात शुद्ध हिंदी बोलणारं. दुकानदारानं बिचाऱ्यानं बजावलं होतं की काका, हे आतल्या दाराचं आहे, उघड्यावर लावू नका. साडभाऊंनी त्याला एकच प्रश्न विचारला. "आतल्या दारापाशी कोन चोर येते?"

आता त्यांचं दार कसं, तर थेट पश्चिमेला. पुढं अरुंद ओटा, त्याच्या पुढं रस्ता, आणि मग सूर्य. आम्ही घाटावर बुलढाण्याला राहणारी माणसं जरा हवेच्या बाबतीत नशीबवान. राजूर घाट उतरून मलकापूरकडे निघालो की मे महिन्यात अंगातला सदरा इस्त्रीतून आत्ता काढल्यासारखा लागतो. अशाच एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि मोठ्या रुबाबात कुलपावर अंगठा ठेवला. अंगठ्याची काय गत झाली ते सांगत नाही. पुढं आठवडाभर मी जेवताना पापड डाव्या हातानं मोडत होतो. साडभाऊ धावत आले. माझ्या हाताकडे पाहिलंही नाही. कुलपाला लांबूनच हात दाखवून म्हणाले, "अगागा, तापलं बिचारं."

त्या दिवसापासून कपडे सुरू झाले. उन्हाळ्यात कुलपाच्या डोक्यावर कूलरच्या जुन्या वाळ्याचा तुकडा, दर तासाला पाणी शिंपडलेला, पण पाणी कुलपाला लागणार नाही अशा बेतानं खिळ्यावर टांगलेला. थंडीत लोकरीचं टोपडं. हे टोपडं ताईनं, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीनं, नातवासाठी विणलं होतं. नातवाच्या डोक्याला ते मोठं झालं म्हणून साडभाऊंनी मागून घेतलं. नातू वर्षभरात त्या मापाचा झाला, पण तोवर ते कुलपाला सरावलं होतं. पावसाळ्यात पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली प्लॅस्टिकची पन्नी, खाली सुतळीची गाठ. या गाठीमुळं पावसाळ्यात दार उघडायचं म्हणजे आधी एका हातानं छत्री, दुसऱ्या हातानं सुतळी आणि तिसऱ्या हातानं अंगठा, अशी परिस्थिती येई. मी एकदा म्हटलं, "भाऊ, एवढ्यात तर साधी किल्ली दहा वेळा फिरली असती." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी कुणाच्या मुलीला नाव ठेवलं आहे.

आम्ही चौघं एकदा लोणारला गेलो होतो. सगळं जग तिथं काठावर उभं राहून खाली सरोवराकडं पाहतं. साडभाऊ काठावर उभे राहून मोबाइलमध्ये आपलं दार पाहत होते. 'दार बंद आहे' असं आलं की समाधानानं मान हलवायची, थोड्या वेळानं पुन्हा पाहायचं. आणि मग रेंज गेली. माणसाचा चेहरा इतक्या लवकर उतरताना मी पाहिलेला नाही. मोबाइल आभाळाकडे धरून ते रेंज शोधत काठानं चालू लागले, नजर वर, पाय कुठं पडताहेत याचा पत्ता नाही, आणि डावीकडे ते प्रसिद्ध विवर. ताईनं मागून त्यांच्या सदऱ्याचा घेर मुठीत धरला आणि तशीच, म्हशीच्या मागून चालावं तशी, त्यांच्या मागं मागं चालत राहिली. मी विनोद करायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "तुमची चेष्टा होते राजेहो, माह्यं दार उघडं राह्यते." बरोबर नेलेले पराठे न खाता आम्ही परत फिरलो. दार अर्थातच बंद होतं. त्यांनी ते हातानं थोपटलं. ताई मात्र काही बोलली नाही. ताई सहसा काही बोलत नाहीच, आणि हे पुढं काय झालं ते समजायला माहीत असलेलं बरं.

साडभाऊंचं मूळ घर धामणगाव बढ्याचं. तिथं थोरल्या भावाची शेती आणि घराण्याच्या महालक्ष्म्याही तिथंच. भाद्रपदात त्या बसतात. साडी नेसवलेली दोन धडं आत मखरात आधीच उभी असतात, आणि त्यांचे पितळी मुखवटे बाहेरून, मोठ्या दारातून, वाजतगाजत आणून त्यांच्यावर बसवायचे. मुखवटे घरच्या मालकिणीनं आणायचे. आतून एकजण विचारते, कोण आलं, आणि बाहेरून उत्तर देतात, महालक्ष्म्या आल्या. एकदा मुखवटे हातात घेतले की मखरात बसेपर्यंत खाली ठेवायचे नाहीत. धामणगावला हा मान थोरल्या जाऊबाईंचा. त्यांना सगळे मोठ्याबाई म्हणतात. त्या सून होऊन आल्या तेव्हा साडभाऊ शेंबड्या वयाचे होते, त्यामुळं या पृथ्वीतलावर साडभाऊंना 'बे' म्हणून एकेरीत बोलणारं आता तेवढं एकच माणूस उरलं आहे. ताई लग्न झाल्यापासून दर भाद्रपदात धामणगावला जाऊन चुलीपुढं बसत आली. पोळ्या तिनं ढिगानं लाटल्या असतील. मुखवट्याला हात लावायची वेळ मात्र कधी आली नाही.

यंदा मोठ्याबाईंचे गुडघे बोलू लागले. त्यांनी निरोप धाडला, "माह्याच्यानं आता होत नाई. औंदा महालक्ष्म्या मलकापूरले येतीन. पन म्या डोयानं पाहीन. मानानं दारातून आत गेल्या तं तिथल्याच झाल्या. नाई तं माह्यासंगं वापस येतीन." त्या निरोपानंतर ताईनं महिनाभर घरातल्या कशाकशाला धुतलं नाही एवढंच विचारा. माझ्या बायकोला ती फोनवर फक्त एवढंच म्हणाली, "काही चुकलं नाई पाहिजे, बस." हे वाक्य बायकोनं मला सांगितलं तेव्हाच माझ्या डोळ्यांपुढं ते कुलूप उभं राहायला हवं होतं.

साडभाऊंच्या डोळ्यांपुढं मात्र वेगळंच चित्र होतं. आवाहनाच्या दुपारी आम्ही पोचलो तसं त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं आणि कानात सांगितलं, "मुखवटे ओट्यावर आले की मी हळूच मोबाइलवर बोट ठेवतो. कुलूप सुटते. दाराले आतून स्प्रिंग लावून ठेवली हाय, ते आपोआप बाहेर येते. महालक्ष्म्या आल्या अन् दार आपोआप उघडलं. मंग पाहा मोठ्याबाईचं तोंड." आत उभं राहून 'कोण आलं' विचारायचं काम माझ्या बायकोचं होतं, तिलाही त्यांनी बाहेर काढलं. कुणी आत राहिलं तर चमत्कार कसला. मागच्या दाराला कुत्रं येतं म्हणून त्यांनी स्वतःच आतून कडी घातलेली. आणि शेवटची गोष्ट मी उच्चारतो तेव्हा अजून माझ्या अंगावर काटा येतो. त्यांनी कुलपाची पन्नी सोडली. पत्र्याचं छप्परही उतरवलं. म्हणाले, "चार लोकायसमोर बरं दिसत नाई."

दार लोटलं गेलं. आतून 'खट्' असा आवाज झाला.

ताई शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन मुखवटे घेऊन आली. दोन्ही हातांत ताट, ताटात ज्येष्ठा-कनिष्ठा, पदर डोक्यावरून. बाजूला मोठ्याबाई, काठी टेकत. मागं गल्लीतल्या बायका, एकीच्या हाती आरतीचं ताट, थाळी वाजवणारी माझी बायको. आणि या सगळ्यांच्या मागून, रेल्वेलाइनच्या पलीकडून, पश्चिमेचा तो पाऊस. सरळ पडला असता तर ओट्याच्या छपरानं अडवला असता. तो आडवा आला. बायका ओट्यावर दाटीनं चढल्या, साडभाऊंनी नाटकी ऐटीत मोबाइलवर बोट ठेवलं, आणि गल्लीतली लाइट गेली.

लाइटीबरोबर घरातलं वायफाय गेलं. मोबाइलवर एक चक्र गोल गोल फिरू लागलं. साडभाऊ चक्राकडे आणि मोठ्याबाई साडभाऊंकडे पाहू लागल्या. मग साडभाऊंनी पुढं होऊन अंगठा लावला. अंगठा ओला, कुलूप ओलं. पुसून लावला. कुलपाच्या तोंडावरून पाण्याची धार चाललेली, त्यातून ती हिंदी बाई म्हणाली, "कृपया पुनः प्रयास करें."

मोठ्याबाईंनी मान वर केली. "आत कोन बाई बोलून राह्यली बे?"

"बाई नोय, मोठ्याबाई. कुलूप हाय."

"बाई हाय, आत हाय, अन् उघडत काऊन नाई?"

कुणी हसलं नाही, मीसुद्धा नाही, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. बाजूच्या खिडकीच्या गजांतून आतलं दिसत होतं. मखरात समई लावलेली, तिच्या उजेडात नवी लुगडी नेसलेली दोन धडं, गळ्यात हार, बांगड्या, सगळं, फक्त मान नसलेली. ती आत वाट पाहत उभी आणि त्यांचे चेहरे इथं बाहेर पावसात. दिवेलागणीच्या आत ती दोन्ही एक व्हायला हवीत असं गुरुजींनी सांगितलेलं, आणि ढगांमुळं दिवेलागण आत्ताच आल्यासारखी वाटत होती.

साडभाऊंनी कुलूप कंपनीला फोन लावला. तिकडच्या माणसानं फार आदबीनं विचारलं, "सर, आप दरवाज़े के अंदर हैं या बाहर?" बाहर म्हटल्यावर तो म्हणाला, "ठीक है सर. अंदर जाकर लाल वाला बटन दबाइए." साडभाऊंनी फोन कानापासून दूर धरून क्षणभर त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मी हळूच विचारलं, "भाऊ, याला एक साधी किल्लीपण असते ना, अडीअडचणीची?" ते म्हणाले, "हाय ना." "कुठं आहे?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "कपाटात. लॉकरमंधी." कुठल्या कपाटात हे विचारायची गरज नव्हती. तेही खिडकीतून दिसत होतं.

कुलूप आता बोलायचंही थांबलं. आधी लाल दिवा लुकलुकला, मग तोही गेला. शेजारचा माणूस घरातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला आणि दाराच्या फटीत घालू लागला, तशी मोठ्याबाईंनी काठी आडवी धरली.

"हात नोको लावू. दार फोडून चोर येते. लक्ष्मी नाई येत."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. मोठ्याबाईंनी काठी खाली टेकली, ताईजवळ सरकल्या, आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "राहू दे वं. त्यायच्याच मनात नसन इथं याचं. आन इकडं. मुक्कामाची येष्टी अजून भेटन." आणि त्यांनी ताटाला हात लावला.

ताईनं ताट सोडलं नाही. ओढलंही नाही. तिच्या केसांतून पाणी गळत होतं, आणि ती पहिल्यांदाच बोलली. मोठ्याबाईंशी नाही, नवऱ्याशी. "अहो, माहे हात भरून आले."

मी साडभाऊंना पुष्कळ वर्षं ओळखतो. बिघडलेल्या वस्तूपुढं ते नेहमी खुश असतात. ती त्यांच्यासाठी मेजवानीच असते. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून ती खुशी पुसली गेली. त्यांनी कुलपाकडे पाठ फिरवली आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला, जिथं कुणी पाहतच नव्हतं तिथं, बिजागऱ्यांपुढं उकिडवे बसले. दार बाहेर उघडणारं असल्यानं बिजागऱ्या बाहेरच होत्या. "हातोडी," ते म्हणाले. "अन् लांब खिया." शेजाऱ्यानं सब्बल टाकून खिळा आणला. बिजागरीतली उभी सळई खालून ठोकून वर काढायची, एवढंच काम. पण पश्चिमेचं पाणी किती पावसाळे त्या सळयांनी प्यायलं होतं कोण जाणे. गंजून त्या एकजीव झालेल्या. साडभाऊंनी आरतीच्या ताटातलं निरांजन उचललं आणि त्यातलं तूप बिजागरीत ओतलं. मोठ्याबाई पाहत होत्या.

खालची निघाली. मधली ठोकता ठोकता हातोडी निसटून त्यांच्या बोटावर बसली. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं ठोकत राहिले. वरच्या बिजागरीला हात पुरेना, म्हणून मी वाकलो आणि हा खांबावरचा गडी जुन्या सवयीनं माझ्या पाठीवर चढला. ती हलेना. मागं बायकांची चुळबुळ थांबलेली. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी घरात कंदील लागला आणि मोठ्याबाईंनी तिकडं पाहिलं. माझी पाठ मोडायची वेळ आलेली, तोंडावर तूप आणि पाणी एकदमच येत होतं, आणि वरून फक्त ठक् ठक् ठक्. मग एक कर्कश कुरकुर झाली आणि सगळा भार दारासकट आमच्या अंगावर आला.

चौघांनी दार झेललं आणि ओट्यावर भिंतीला टेकवून उभं केलं. कुलूप त्यावर तसंच होतं, जीभ बाहेर, एका नसलेल्या चौकटीत घट्ट बंद. धक्क्यानं की काय त्याच्यात थोडा जीव आला, आणि ती बाई खणखणीत म्हणाली, "दरवाज़ा बंद है."

साडभाऊ तोवर आत गेले होते. विचारणारं कुणीतरी हवं होतं. उंबऱ्याच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, बोटातून रक्त येत असलेले ते उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कोन आलं?" ताईला उत्तर पाठ होतं. किती वर्षं ती ते आतून ऐकत आली होती. पण ती ताट छातीशी धरून त्यांच्या रक्ताळलेल्या बोटाकडे पाहत राहिली. शेवटी मागून मोठ्याबाईच म्हणाल्या, "दिसत नाई का बे? वाट दे तिले." आणि ताईच्या पाठीला हात लावून त्यांनी तिला उंबऱ्याच्या आत लोटलं.

दार काही त्या तीन दिवसांत परत बसलं नाही. लाकूड फुगलं होतं. चौकटीत ताईचं एक जुनं लुगडं पडदा म्हणून लावलं. ज्या माणसानं लोणारच्या काठावरून आपलं दार राखलं, तो आता उंबऱ्यात खुर्ची टाकून बसला होता आणि येईल त्याला "या, या" म्हणत होता. सारी गल्ली येऊन गेली. त्या घरात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती, आणि खरं सांगायचं तर साडभाऊंनीही नसावीत. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. ताई ताठ उभी राहून वाढत होती आणि मोठ्याबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या, कुणी पाहत नसलं की, तिच्याकडे पाहत होत्या. मखराकडे त्या फारशा पाहत नव्हत्या.

मुखवटे उतरल्यावर ते मऊ फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवले गेले, आणि पेटी ताईच्या देवघरातल्या फळीवर गेली. ऊन पडलं होतं, सुतार येऊन दार बसवून गेला होता, कुलूप वाळून पुन्हा बोलू लागलं होतं आणि साडभाऊंनी त्याला पन्नीही घातली होती. मोठ्याबाई निघाल्या. दरवर्षी या दिवशी पेटी कपाटात ठेवायचं काम त्यांचं. आता हात रिकामे होते. त्या ओट्यावर उभ्या राहून पदर नीट करत होत्या, जो मुळात नीटच होता. काठी या हातातून त्या हातात घेत होत्या. ताई पुढं होऊन त्यांच्या पाया पडली. मी रिक्षा थांबवून उभा होतो, पण कुणीच रिक्षाकडे येईना.

साडभाऊंना माया करायची एकच रीत येते. त्यांनी पन्नीची सुतळी सोडली, मोबाइलवर काहीतरी दाबलं, मोठ्याबाईंचा हात मनगटाशी धरला आणि कुलपाकडे ओढत म्हणाले, "अंगठा ठेवा याच्यावर. पुढच्या साली तुमाले कोनाले हाक मारा लागनार नाई. अंगठा ठेवला की तुमचंच घर."

मोठ्याबाईंनी अंगठा मुठीत लपवला. एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा आत देवघराच्या दिशेनं, आणि मग ज्या दिराचं नाक त्यांनी पदरानं पुसलं होतं त्याच्याकडे पाहून त्यांच्या तोंडून निघून गेलं, "महालक्ष्म्या तं घेतल्या, आता अंगठा बी घेतं काय बे?"